सेमाफोर लावूनही प्रोग्राम थांबतो: परमिट हरवलंय की अडकलंय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे तो मला नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुमची जावामधली एक सर्व्हिस ग्राहकांना एसएमएस पाठवते. ते एसएमएस पुढे पोचवणाऱ्या बाहेरच्या सेवेने, म्हणजे गेटवेवाल्यांनी, सांगितलंय की एका वेळी दहापेक्षा जास्त कॉल चालणार नाहीत, म्हणून तुम्ही १० परमिटचा सेमाफोर, म्हणजे एका वेळी दहाच थ्रेडना (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांना) आत सोडणारं साधन, लावला. चार-सहा तास सगळं सुरळीत जातं, मग वेग कमी होत होत शेवटी एकही एसएमएस बाहेर पडत नाही. रीस्टार्ट केलं की पुन्हा सगळं ठीक. त्यातच किती एसएमएस गेले हे मोजणारा काउंटर अक्वायर (परमिट घेणं) आणि रिलीज (ते परत करणं) यांच्या मधे वाढवलेला आहे, तरी तो गेटवेच्या आकड्यापेक्षा कमीच भरतो. तुम्ही विचारताय की सेमाफोर काढून म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) लावू का, आणि १० चे २० करू का.

दोन्हींचं उत्तर 'नको' असं आहे. पण नुसतं 'नको' म्हणून तुमचं काम होणार नाही, कारण सेमाफोर नेमकं काय करतो याबद्दलचा एक समज तुमच्या दोन्ही अडचणींच्या मुळाशी आहे. गेली सोळा-सतरा वर्षं मी सर्व्हरच्या बाजूचं काम करतोय आणि हाच समज मी चांगल्या चांगल्या टीममध्ये पाहिलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेमाफोरकडे एक आकडा असतो आणि थांबलेल्या थ्रेडची एक रांग असते. अक्वायर म्हटलं की आकडा एकाने कमी होतो; आकडा शून्य असेल तर थ्रेड रांगेत थांबतो. रिलीज म्हटलं की आकडा एकाने वाढतो आणि रांगेतला कोणीतरी जागा होतो. त्याला एवढंच माहीत असतं. परमिट कोणत्या थ्रेडने घेतलं, तो थ्रेड अजून जिवंत आहे का, रिलीज करणाऱ्याने आधी अक्वायर केलं होतं का, यातलं काहीही तो लिहून ठेवत नाही. लॉकचं तसं नसतं. लॉकला मालक असतो. रीएंट्रंट-लॉक एका थ्रेडने घेतला आणि दुसऱ्याने सोडायचा प्रयत्न केला तर जावा तिथल्या तिथे एक्सेप्शन (एरर) फेकते. सेमाफोर मात्र कोणाकडूनही परमिट परत घेतो, आणि कधीच न दिलेलं परमिटसुद्धा निमूट स्वीकारतो.

हे नाव रेल्वेकडून आलंय. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली, तेव्हा त्याने रेल्वेच्या हाताच्या सिग्नलचं नाव तिला दिलं. आपल्याकडे 'सिग्नल पडला' म्हणजे गाडी सुटायला मोकळी, तोच हा सिग्नल. पण मला विचाराल तर नवीन माणसाला समजवायला सिग्नलपेक्षा एकेरी मार्गावरचं टोकन जास्त उपयोगी पडतं. आपल्याकडे अनेक एकेरी मार्गांवर वर्षानुवर्षं नील्स बॉल टोकनची पद्धत होती: दोन स्टेशनांच्या यंत्रांमध्ये लोखंडी गोळे, दोन्ही यंत्रं एकमेकांशी तारेने जोडलेली, आणि त्या टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा बाहेर निघू शकायचा. वेताच्या कड्याला अडकवलेला तो गोळा ड्रायव्हरच्या हातात पडला की गाडी पुढे, आणि पुढच्या स्टेशनच्या यंत्रात तो परत पडला की टप्पा मोकळा. ड्रायव्हर कोण याची त्या यंत्राला फिकीर नव्हती, गोळा परत आला की झालं. आता असं समजा की गोळा वाटेत कुठेतरी पडला. रूळ पूर्ण रिकामे आहेत, गाडी केव्हाच पुढे निघून गेलीय, तरी यंत्र पुढचा गोळा देत नाही. तुमची सर्व्हिस चार-सहा तासांनी थांबते तेव्हा बहुधा हेच होत असतं.

'बहुधा' म्हणालो, कारण दुसरीही एक शक्यता आहे आणि बाहेरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. तिच्याकडे येतोच. आधी काउंटरचं निपटून टाकू, ते सोपं आहे.

काउंटर एकाने वाढवणं ही एक ओळ दिसते, पण त्यात तीन कामं असतात: जुनी किंमत वाचणे, त्यात एक मिळवणे, नवी किंमत लिहिणे. १० परमिटचा सेमाफोर एका वेळी दहा थ्रेडना आत सोडतो. त्याचं कामच ते आहे. त्यातल्या दोघांनी एकाच क्षणी ५४१ वाचलं तर दोघंही ५४२ लिहिणार, आणि एक एसएमएस हिशेबातून गायब. म्हणून तुमचा आकडा नेहमी कमीच भरतो, जास्त कधी भरत नाही. एकाहून जास्त परमिट असलेला सेमाफोर आतल्या डेटाची राखण करत नाही, आत किती जण आहेत एवढंच सांभाळतो. काउंटरसाठी ही तीन कामं अखंडपणे करणारे अॅटॉमिक-लाँग किंवा लाँग-अॅडर वापरा, मॅप असेल तर कॉनकरंट-हॅशमॅप, आणि दोन-तीन गोष्टी एकत्र बदलायच्या असतील तर तेवढ्या ओळींभोवती छोटासा लॉक. हा लॉक आणि सेमाफोर दोन्ही एकत्र सुखाने राहू शकतात, दोघांची कामं वेगळी आहेत.

हीच चूक कनेक्शनच्या पूलमध्ये (डेटाबेसच्या उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यात) झाली तर ती फार महागात पडते. दहा कनेक्शनची लिस्ट, बाहेर १० चा सेमाफोर, आणि परमिट मिळालेला थ्रेड लिस्टमधून सरळ शेवटचं कनेक्शन उचलतो. दोन थ्रेडना एकच कनेक्शन मिळू शकतं, आणि मग एकाच्या क्वेरीचं उत्तर दुसऱ्याच्या हातात. सेमाफोर एवढीच हमी देतो की तुमच्यासाठी एक कनेक्शन नक्की शिल्लक आहे. ते नेमकं कोणतं, हे ठरवणाऱ्या ओळींना स्वतःचं संरक्षण लागतं. जावाच्या सेमाफोरच्या अधिकृत माहितीत पूलचं जे उदाहरण दिलंय, त्यातही वस्तू निवडणारी मेथड वेगळी सिंक्रोनाइज्ड (एका वेळी एकच थ्रेड आत) केलेली आहे. ते उदाहरण एकदा लक्षपूर्वक वाचा.

आता थांबण्याचं. परमिट दोन प्रकारे नाहीसं होतं. एक, ते हरवतं: अक्वायर झालं, काम संपलं किंवा मधेच फसलं, आणि रिलीजची ओळ आलीच नाही. दोन, ते अडकतं: घेणारा थ्रेड अजून आतच आहे, गेटवेच्या उत्तराची वाट बघत तासन्‌तास बसलाय. दोन्ही प्रकारांत एकेक परमिट कमी होत जातं, वेग घसरत जातो, आणि शेवटी सगळं बंद. उपाय मात्र वेगवेगळे आहेत, म्हणून आधी ओळखायला हवं, आणि त्यासाठी रीस्टार्ट करण्याआधी थ्रेड डंप, म्हणजे त्या क्षणी कोणता थ्रेड कोणत्या ओळीवर आहे याची यादी, घ्यायला हवा.

जावाच्या जेस्टॅक या साधनाने डंप काढलात की अनेक थ्रेड सेमाफोरच्या अक्वायरवर पार्क झालेले (थांबलेले) दिसतील. त्यांच्याकडे बघू नका, ते बिचारे रांगेतले आहेत. गेटवेच्या कॉलच्या आत कोण कोण आहे ते शोधा. आत दहा थ्रेड असतील आणि सगळे सॉकेटमधून वाचण्याच्या ओळीवर असतील, तर परमिट अडकलंय. आत एकही नसेल आणि तरी बाहेर रांग असेल, तर परमिट हरवलंय. रूळ रिकामे आणि गाडी थांबलेली. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: जेस्टॅक डंपच्या शेवटी डेडलॉक (एकमेकांची वाट बघत अडकलेले थ्रेड) सापडल्याचं सांगतो, ते फक्त मालक असलेल्या लॉकबद्दल. सेमाफोरला मालक नाही, त्यामुळे सेमाफोरमुळे झालेली कोंडी तो शोधू शकत नाही. 'डेडलॉक नाही म्हणतोय, म्हणजे थ्रेडचा प्रश्न नाही' असा निष्कर्ष काढून लोक दोन-दोन दिवस नेटवर्क तपासत बसतात.

अडकण्याचं कारण बहुतेक वेळा टाइमआउट (किती वेळ थांबायचं ती मुदत) न देणं हेच असतं. जावाच्या जुन्या यूआरएल-कनेक्शनमध्ये टाइमआउट दिला नाही तर तो शून्य धरतात, आणि तिथे शून्याचा अर्थ 'कितीही वेळ थांब' असा आहे. नव्या एचटीटीपी-क्लायंटमध्येही रिक्वेस्टला टाइमआउट दिला नाही तर थ्रेड थांबूनच राहतो. फरक इतकाच की डंपमध्ये तो सॉकेटऐवजी फ्यूचरची (उत्तर नंतर ज्यात येणार त्या ऑब्जेक्टची) वाट बघताना दिसेल. मधल्या एखाद्या फायरवॉलने कनेक्शन गुपचूप टाकून दिलं तर समोरून ना उत्तर येतं ना एरर. दिवसातून असं दोनदा झालं तरी पाच दिवसांत तुमचे दहाही परमिट गेले. तुमच्याकडे चार-सहा तासांतच होतंय, म्हणजे प्रमाण त्याहून बरंच जास्त आहे. कनेक्ट आणि रीड, दोन्ही टाइमआउट द्या. सेमाफोरच्या आत चालणारं प्रत्येक काम किती वेळात संपलंच पाहिजे हे ठरलेलं असावं, हा माझा सगळ्यात कडक नियम आहे.

परमिट हरवण्याबद्दल मी स्वतः जे भोगलंय ते सांगतो. आमच्याकडे ग्राहकांच्या बिलांच्या पीडीएफ बनवणारी एक सर्व्हिस होती. एक पीडीएफ बनताना बरीच मेमरी लागायची, म्हणून ६ परमिटचा सेमाफोर. रोज संध्याकाळपर्यंत ती मंदावायची आणि रात्री कधीतरी थांबायची. आम्ही मिनिटाला एकदा शिल्लक परमिटचा आकडा लॉगमध्ये लिहायला लावला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काहीही काम नसतानाचा तो आकडा वाचला: ४. सहाचे चार, आणि आत कोणीही नाही. कोड उघडला. अक्वायर, मग 'ही पीडीएफ आधीच बनलेली असेल तर तीच परत दे' असं म्हणणारी एक रिटर्नची ओळ, आणि त्याच्या खाली ट्राय-फायनली, म्हणजे ट्रायमध्ये काहीही झालं तरी फायनलीतलं रिलीज चालणारच. एखाद्या ग्राहकाने एकाच बिलावर दोनदा क्लिक केलं की दुसरी रिक्वेस्ट त्या रिटर्नमधून निघून जायची आणि परमिट तिच्याबरोबर जायचं.

दुरुस्ती सोपी वाटली: अक्वायरसकट सगळं ट्रायच्या आत घ्यायचं, म्हणजे फायनली कधीच चुकणार नाही. बदल माझ्याकडे तपासायला आला आणि मी तो मंजूर केला. तीन आठवडे एकही तक्रार नाही. मग महिनाअखेर आली आणि सर्व्हिसची मेमरी संपून ती कोसळली. लॉगमध्ये शिल्लक परमिटचा आकडा होता १९. सुरुवातच जिथे ६ ने होते, तिथे १९! झालं असं की आम्ही साधं अक्वायर न वापरता पाच सेकंद थांबणारं ट्राय-अक्वायर वापरत होतो. पाच सेकंदांत परमिट मिळालं नाही की 'सर्व्हर व्यस्त आहे' असं एक्सेप्शन फेकायचो, आणि ते आता ट्रायच्या आत असल्यामुळे फायनलीत रिलीज व्हायचं. न मिळालेलं परमिट परत केलं जात होतं. म्हणजे गर्दी जितकी जास्त, तितका दरवाजा रुंद होत होता. जो अडसर गर्दीसाठी बसवला होता, तो गर्दीच उचकटून टाकत होती. परमिट हरवतं तेव्हा सर्व्हिस निदान थांबते आणि कोणीतरी ओरडतं. परमिट वाढतं तेव्हा सगळं छान चाललंय असंच वाटत राहतं. म्हणून मला आज दुसऱ्या चुकीची भीती जास्त वाटते.

योग्य क्रम हा असा:

मिळालं = सेमाफोर.ट्राय-अक्वायर(५ सेकंद)
मिळालं नसेल तर → 'व्यस्त' सांगून इथूनच परत
ट्राय
    गेटवेला कॉल
फायनली
    सेमाफोर.रिलीज

परमिट घेणं ट्रायच्या बाहेर, आणि परमिट मिळाल्याच्या लगेच पुढच्या ओळीवर ट्राय. मधे काहीही नाही: ना लॉगची ओळ, ना एखादी तपासणी, ना व्हेरिएबल भरणं. लॉगची ओळसुद्धा एखाद्या नल ऑब्जेक्टवर मेथड बोलावून फुटू शकते. साधं अक्वायर वापरत असाल तरी हाच क्रम ठेवा, कारण वाट बघत असताना थ्रेडला कोणी इंटरप्ट केलं तर अक्वायर परमिट न घेताच एक्सेप्शन फेकतं. तेव्हा फायनलीतलं रिलीज चाललं तर पुन्हा तोच १९ चा प्रकार.

पायथनमध्ये काम करणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: विथ वापरा, म्हणजे हा क्रम आपोआप पाळला जातो, आणि साध्या सेमाफोरऐवजी बाउंडेड-सेमाफोर घ्या. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा जास्त रिलीज झालं की तो व्हॅल्यू-एरर देतो, म्हणजे आमची चूक पहिल्याच दिवशी पकडली गेली असती. सी-शार्पमध्ये सेमाफोर-स्लिम बनवताना कमाल आकडा दुसऱ्या जागी द्या; तो दिला नाही तर तिथेही वरची मर्यादा राहत नाही. जावाच्या सेमाफोरमध्ये अशी सोय नाही. म्हणून मी एक छोटा क्लास लिहून ठेवलाय: तो परमिट मिळाल्यावर एक ऑब्जेक्ट देतो, ते ऑब्जेक्ट ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये वापरायचं, आणि ते कितीही वेळा बंद केलं तरी रिलीज एकदाच होतं. वीस-पंचवीस ओळींचा कोड आहे, पण तो आल्यापासून टीममधल्या कोणालाही क्रम पाठ करावा लागत नाही.

तुमचा कोड असिंक (कॉल सोडून उत्तरासाठी न थांबणारा) असेल तर थोडं वेगळं वागावं लागतं. तिथे परमिट एक थ्रेड घेतो आणि उत्तर आल्यावर दुसराच कोणीतरी थ्रेड ते परत करतो. लॉकला हे जमणार नाही, सेमाफोरला सहज जमतं. मालक नसण्याचा इथे फायदाच आहे. पण रिलीज मग फायनलीत ठेवता येत नाही, कारण फायनली कॉल सुटल्या सुटल्या चालेल आणि उत्तर तर अजून यायचंय. रिलीज फ्यूचरच्या व्हेन-कम्प्लीटमध्ये ठेवायचं, ते उत्तर किंवा एरर आल्यावरच चालतं. आणि एक फट बुजवायची राहते: फ्यूचर हातात पडण्याआधीच, म्हणजे रिक्वेस्ट बांधतानाच एक्सेप्शन आलं, तर व्हेन-कम्प्लीट कधी लागणारच नाही. तेवढ्या भागाला वेगळा कॅच लावून तिथे परमिट परत करा.

आणखी एक प्रकार तुमच्या कोडमध्ये आहे का ते बघा, कारण तो फक्त पूर्ण लोड आल्यावरच दिसतो. परमिट घेतलेला थ्रेड आतून अशी मेथड बोलावतो जी त्याच सेमाफोरवर पुन्हा अक्वायर करते. पाठवायच्या मेथडमधून 'पुन्हा प्रयत्न कर' ही मेथड बोलावली जाते तेव्हा हे हमखास होतं. लॉक ओळखतो की हा तोच मालक आहे आणि आत सोडतो. सेमाफोर कोणालाच ओळखत नाही, त्यामुळे त्याला हे दुसरं परमिट वाटतं. चार-पाच थ्रेड असतात तोवर निभावतं. ज्या क्षणी दहाही थ्रेड आत आहेत आणि दहाही जणांना दुसरं परमिट हवंय, त्या क्षणी कोणीच पुढे सरकत नाही आणि कोणीच सोडत नाही. टेस्टिंगमध्ये दहा थ्रेड एकदम त्या जागी येत नाहीत, म्हणून ते सापडत नाही. एका कामाला खरंच दोन परमिट लागत असतील तर ते एकाच अक्वायरमध्ये दोन मागून घ्या, एकेक करून नाही. आणि पुन्हा प्रयत्न करण्याआधी हातातलं परमिट सोडा.

इथवरचं थोडक्यात: काउंटरला अॅटॉमिक करा; डंप घेऊन परमिट हरवलंय की अडकलंय ते ठरवा; घेणं ट्रायच्या बाहेर आणि रिलीज फायनलीत; आतल्या कामाला टाइमआउट.

आता १० चे २० करायचे का. हे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि मला तीन गोष्टी कळल्याशिवाय ठाम सांगता येणार नाही.

पहिली, गेटवेवाल्यांशी झालेल्या करारात नेमकं काय लिहिलंय? 'एका वेळी दहा' आणि 'सेकंदाला दहा' यांत मोठा फरक आहे. सेमाफोर फक्त पहिल्याचा हिशेब ठेवतो. एक कॉल १०० मिलिसेकंदांत संपत असेल तर १० परमिटमधून सेकंदाला १०० कॉल जातील, आणि मर्यादा 'सेकंदाला दहा'ची असेल तर तुम्ही ती दहापटीने मोडत असाल. त्यासाठी रेट लिमिटर लागतो, ते वेगळं साधन आहे. कित्येकदा दोन्ही मर्यादा असतात आणि दोन्ही साधनं लावावी लागतात.

दुसरी, तुमच्या सर्व्हिसच्या किती प्रती चालतात? सेमाफोर एका प्रोसेसच्या मेमरीत राहतो. तीन सर्व्हरवर प्रत्येकी १० म्हणजे गेटवेला ३० दिसणार. सरळ उपाय म्हणजे प्रत्येकी ३ द्यायचे आणि एक परमिट वाया गेलं तरी चालेल असं मानायचं. सगळ्यांचा मिळून एकच हिशेब रेडिससारख्या, सगळ्या सर्व्हरना मिळून वापरता येणाऱ्या ठिकाणी ठेवता येतो, पण मग परमिट घेतलेला सर्व्हरच मेला तर ते परत कोण करणार हा प्रश्न उभा राहतो, आणि प्रत्येक परमिटला मुदत लावावी लागते. एवढा खटाटोप गरज पडल्याशिवाय करू नका.

तिसरी, लोड किती आणि एका कॉलला वेळ किती? इथे एक साधा हिशेब आहे, रांगांच्या अभ्यासात त्याला लिटलचा नियम म्हणतात: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे दर सेकंदाला येणारी कामं गुणिले एका कामाला लागणारा वेळ. कॉलला ४०० मिलिसेकंद लागत असतील तर १० परमिटमधून सेकंदाला जास्तीत जास्त २५ एसएमएस. तुमच्याकडे सेकंदाला २० येत असतील तर सरासरी ८ परमिट वापरात राहतील, ठीक चाललंय. सेकंदाला ३० यायला लागले तर दर सेकंदाला ५ जण रांगेत वाढतील. दहा मिनिटांत ३,००० जण रांगेत, आणि शेवटच्याला दोन मिनिटं थांबावं लागेल. ओटीपीचा एसएमएस दोन मिनिटांनी आला तर त्याचा ग्राहकाला काही उपयोग नाही. आणि गेटवे कधीतरी मंदावून कॉलला ४ सेकंद लागायला लागले तर तीच क्षमता सेकंदाला २.५ वर येते, तुमच्या कोडमध्ये एक अक्षरही न बदलता.

म्हणून नुसतं अक्वायर करून अमर्याद थांबणं मला पटत नाही. मुदत असलेलं ट्राय-अक्वायर वापरा, आणि मुदत संपली तर काय करायचं ते धंद्याच्या गरजेनुसार ठरवा: ओटीपी असेल तर लगेच 'पुन्हा प्रयत्न करा' सांगा, जाहिरातीचा एसएमएस असेल तर टेबलमध्ये लिहून नंतर पाठवा. दोघांना वेगवेगळे सेमाफोर द्या, ओटीपीला ७ आणि जाहिरातीला ३, म्हणजे जाहिरातींच्या लोंढ्यात ओटीपी अडकणार नाही. करारात १० असेपर्यंत २० करण्याचा प्रश्नच नाही. वाढवायचेच असतील तर आधी त्यांच्याशी बोला.

म्यूटेक्सबद्दल. सेमाफोरच्या जागी म्यूटेक्स लावला तर एका वेळी एकच कॉल जाईल, म्हणजे वरच्या हिशेबाने सेकंदाला २.५ एसएमएस. पण तुमच्या प्रश्नात 'एक परमिटचा सेमाफोर म्हणजेच म्यूटेक्स ना?' असंही एक वाक्य होतं, त्यावर थोडं बोलतो. वापरताना तो तसा वागतो हे खरं, पण मालक नसल्याने दोन गोष्टी हातातून जातात. चुकीच्या थ्रेडने सोडला तर कोणी अडवत नाही. आणि मालकच माहीत नसल्याने ऑपरेटिंग सिस्टिमला त्याची प्रायॉरिटी वर उचलता येत नाही. सर्व्हरवर हे क्वचित जाणवतं, पण एम्बेडेड कामात, म्हणजे यंत्रांच्या आतल्या छोट्या संगणकांवर, हा जीवनमरणाचा विषय आहे. १९९७ साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं, कारण कमी प्रायॉरिटीच्या टास्कने लॉक धरून ठेवला होता, मधल्या प्रायॉरिटीची टास्क त्याला चालूच देत नव्हती, आणि सगळ्यात महत्त्वाची टास्क त्या लॉकसाठी ताटकळत होती. त्या लॉकमध्ये प्रायॉरिटी इनहेरिटन्स (वाट बघणाऱ्याची वरची प्रायॉरिटी लॉकच्या मालकाला तात्पुरती देणं) चालू करून पृथ्वीवरून दुरुस्ती केली गेली. छोट्या उपकरणांसाठीच्या फ्री-आरटीओएस या सिस्टिममध्ये आजही म्यूटेक्सला ही सोय आहे, बायनरी (एक परमिटच्या) सेमाफोरला नाही. तेव्हा डेटा राखायचा असेल तर लॉक, संख्या राखायची असेल किंवा एका थ्रेडने दुसऱ्याला 'झालं, चल पुढे' असं कळवायचं असेल तर सेमाफोर.

एक शेवटची बाब, तुम्ही जावा २१ वर असाल किंवा जाणार असाल म्हणून. आजवर बऱ्याच सर्व्हिसमध्ये थ्रेड पूलचा आकारच नकळत मर्यादेचं काम करत होता: पूलमध्ये वीस थ्रेड, म्हणजे वीसपेक्षा जास्त कॉल होणारच नाहीत. जावा २१ मधले हलके, हजारोंनी बनवता येणारे व्हर्च्युअल थ्रेड आल्यावर प्रत्येक रिक्वेस्टला स्वतंत्र थ्रेड मिळतो आणि ती आडून मिळणारी मर्यादा नाहीशी होते. मग डेटाबेसवर आणि बाहेरच्या गेटवेवर अचानक हजारो जण धावून जातात. अशा जागी सेमाफोरच लावायचा असतो, आणि व्हर्च्युअल थ्रेडना पूलमध्ये कोंबायचं नसतं.

आता तुम्ही उद्या सकाळी काय करायचं ते सांगतो. शिल्लक परमिटचा आकडा आणि रांगेची लांबी दर मिनिटाला लॉगमध्ये लिहायला लावा. दोन्ही सेमाफोरच्या मेथडमधून मिळतात, रांगेची लांबी अंदाजे असते पण पुरते. पुढच्या वेळी सर्व्हिस थांबली की लगेच रीस्टार्ट करू नका. दहा सेकंदांच्या अंतराने दोन थ्रेड डंप घ्या आणि गेटवेच्या कॉलच्या आत किती थ्रेड आहेत ते मोजा. दोन्ही डंपमध्ये तेच दहा असतील तर टाइमआउट द्यायचा राहिलाय. दहापेक्षा कमी असतील तर जितके कमी, तितकी परमिट रिलीज न होता बाहेर पडलीत. अक्वायरनंतरची प्रत्येक रिटर्न आणि प्रत्येक एक्सेप्शनची वाट बोट ठेवून तपासा. दहापेक्षा जास्त असतील तर रिलीज कुठेतरी जास्तीचं होतंय. तीनपैकी काय निघालं ते आणि अक्वायरपासून रिलीजपर्यंतचा कोड इथेच टाका, मी बघतो.